राखणदार जागा हवा



आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. कारण सुरुवातीलाच मला एक चूक कबूल करायची आहे.

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात देशभर विमानं रद्द होत होती, ते तुम्ही पाहिलंच असेल. इंडिगोची तर 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. टीव्हीवर बॅगांचे ढीग, जमिनीवर झोपलेली म्हातारी माणसं, लग्नाला निघालेलं बिऱ्हाड, सगळं दिसत होतं. कारण सांगितलं जात होतं, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम. ते बघून माझं डोकं तापलं आणि रात्री मी इथेच एक पोस्ट टाकली. त्यात लिहिलं होतं, "विमान हल्ली आपोआप चालतं. बटण दाबायचं आणि बसायचं. एवढ्यासाठी यांना आठवड्याला सलग 48 तास विश्रांती? आमचा एसटीचा ड्रायव्हर कुंभार्ली घाट रात्री-अपरात्री उतरवतो, त्याचं काय?"

पोस्ट चालली. भरभरून लाईक आले, कमेंटमध्ये टाळ्या आल्या.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. माझ्या ताईचा मुलगा. डोंबिवलीला वाढला, कर्ज काढून वैमानिक झाला. आता एअरबस A320 वर को-पायलट आहे. म्हणाला, "मामा, पोस्ट वाचली." मी म्हटलं, "मग?" तो गप्प. मग एवढंच म्हणाला, "गणपतीत मी तुला गच्चीवर सगळं सांगितलं होतं ना? तू ऐकत नव्हतास वाटतं."

फोन ठेवल्यावर मला फार लाज वाटली. कारण त्याने खरंच सांगितलं होतं.

गणपतीला तो आजोळी दीड दिवसासाठी आला होता. आला तो झोपलाच. आरतीला उठला नाही. आई म्हणाली, झोपू दे त्याला. आम्ही त्याच्यावर हसलो. एवढ्या झांजा वाजतायत आणि हा घोरतोय! रात्री अकराला जाग आली तेव्हा जेवला आणि आम्ही दोघं गच्चीवर गेलो. पाऊस उघडला होता. वाशिष्ठीच्या बाजूने गार वारा येत होता. दक्षिणेकडून एक विमान लुकलुकत आलं. म्हणाला, "मामा, ते बघ. गोवा किंवा केरळकडून मुंबईला चाललंय. साधारण इथूनच उतरायला लागतं."

मला वाटलं थट्टा करतोय. इथून मुंबई केवढी लांब! त्याने हिशेब सांगितला. उंची हजार फुटांत मोजायची आणि तिला तिनाने गुणायचं. तेवढे नॉटिकल मैल आधी उतरायला सुरुवात करायची. 35 हजार फुटांवर असलात तर साधारण 105 नॉटिकल मैल, म्हणजे 190 किलोमीटरच्या आसपास. चिपळूणहून मुंबई विमानतळ हवाई अंतराने जवळपास तेवढाच आहे. म्हणजे आपण इथे अंगणात उभे असतो तेव्हा आपल्या डोक्यावर कुणाचं तरी सगळ्यात धावपळीचं काम सुरू होत असतं.

"वर असताना निवांत असतं," तो म्हणाला. "खरी घाई उतरताना."

खालच्या विमानतळाचं हवामान घ्यायचं. धावपट्टी कुठली मिळणार ते बघायचं. कुठल्या मार्गाने उतरायचं, नाही जमलं तर काय करायचं, पर्यायी विमानतळ कुठला, इंधन किती, हे दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचं. ते सगळं संगणकात भरायचं. तेवढ्यात खालून नियंत्रकाचा आवाज येतो, वेग कमी करा, उजवीकडे वळा, इतक्या फुटांवर थांबा. पावसाळ्यात ढग चुकवायचे. मुंबईत तर पुढे-मागे विमानांची रांग. कधी शेवटच्या क्षणी धावपट्टी बदलते आणि भरलेलं सगळं पुन्हा भरावं लागतं. 10 हजार फुटांखाली आलं की कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही असा दंडक आहे. आणि ढगातून उतरत असताना 1000 फुटांवर आल्यावर वेग, उतार, चाकं, पंख हे सगळं ठरल्याप्रमाणे बसलेलं नसेल, तर हट्ट न करता पुन्हा वर जायचं. त्याला ते गो-अराउंड म्हणतात.

मी म्हटलं, "पण ते सगळं ऑटोपायलट करतो ना?"

इथे तो जरा सावरून बसला.

"करतो. पण आपण सांगू तेच करतो. आणि आपण काय सांगितलं ते आपल्याला नीट माहीत असावं लागतं."

त्याने समजावलं ते असं. ऑटोपायलट म्हणजे एकच एक बटण नसतं. त्याच्या अनेक तऱ्हा असतात. एका तऱ्हेत इंजिनं अगदी मंद होतात आणि विमान घसरगुंडीसारखं खाली येतं, वेग सांभाळायचं काम नाकाच्या कोनावर. दुसऱ्या तऱ्हेत ठरवलेला उतार धरला जातो आणि वेग इंजिनं सांभाळतात. बाहेरून, खिडकीतून, दोन्ही सारखंच दिसतं. विमान खाली येतंय एवढंच कळतं. फरक कळतो तो समोरच्या स्क्रीनच्या वरच्या कडेला असलेल्या एका बारीक पट्टीवर. तिथे छोट्या अक्षरांत लिहून येतं, यंत्र आत्ता कुठल्या तऱ्हेत आहे. प्रत्येक वेळी ती अक्षरं बदलली की मोठ्याने वाचायची. दुसऱ्याने ती तपासायची. एक जण विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर आणि यंत्रावर नजर ठेवतो.

"म्हणजे राखण करायची," मी म्हटलं.

"हो. राखणच. आणि मामा, काम करण्यापेक्षा राखण करणं कठीण असतं. हात चालू असले की झोप येत नाही. नुसतं बघत बसलं की येते."

मी तेव्हा मान डोलावली आणि विसरून गेलो. तीन महिन्यांनी ती पोस्ट लिहिली.

फोननंतर मात्र मी बसून जुने अपघात वाचायला घेतले. त्यातला पहिला आपल्या मुंबईहून निघालेल्या विमानाचा आहे.

14 फेब्रुवारी 1990. इंडियन एअरलाइन्सचं 605 हे मुंबई-बेंगळुरू विमान. तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. विमान कोरं करकरीत A320. भारतात येऊन काही आठवडेच झाले होते. कॉकपिटमध्ये दोन कॅप्टन. डावीकडे कॅप्टन फर्नांडिस, ज्यांची तपासणी चालू होती. उजवीकडे तपासणारे कॅप्टन गोपुजकर. दोघंही जुनेजाणते. वेळ दुपारी एकची, आकाश स्वच्छ, समोर धावपट्टी दिसते आहे. यापेक्षा सोपं उतरणं कुठलं?

पण यंत्र त्या मंद इंजिनांच्या तऱ्हेत गेलेलं होतं. ते का गेलं याचं नक्की उत्तर चौकशीला सापडलं नाही. एक शक्यता सांगितली गेली. उतरण्याचा वेग मिनिटाला 700 फूट असा लावायचा होता. पण शेजारची, उंचीची कळ फिरवली गेली आणि यंत्राला आदेश गेला, 700 फूट उंचीवर जा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून जवळपास 2900 फुटांवर आहे. म्हणजे यंत्राला जमिनीच्या पोटात जायला सांगितलं गेलं, आणि ते बिचारं निमूट निघालं.

पुढचं आणखी बारीक आहे. या विमानात दोन्ही वैमानिकांच्या स्क्रीनवर मार्गदर्शक रेघा असतात, प्रत्येकाचं बटण वेगळं. दोन्ही बंद केल्या तर इंजिनं पुन्हा वेग सांभाळायला लागतात. एक बंद झाली, दुसरी चालू राहिली. त्यामुळे इंजिनं मंदच राहिली. विमान उताराच्या खाली जायला नको म्हणून नाक वर ठेवलं जात होतं आणि वेग घटत होता. घाट चढताना गाडीच्या ॲक्सिलरेटरवर पायच नसावा, तसं. ताशी सुमारे 245 किलोमीटर हवा होता तो वेग 200 च्या आसपास आला.

आणि त्यांना ते हाताला कळलं नाही. आणखी काही विमानांत यंत्राने इंजिनाची ताकद बदलली की वैमानिकाच्या हाताखालचा दांडा स्वतः मागे-पुढे सरकतो. A320 मध्ये तो जागचा हलत नाही. म्हणजे कळायचा मार्ग एकच, डोळ्यांनी बघणं. यंत्र उंची मोठ्याने सांगत होतं, चारशे, तीनशे, दोनशे. त्या आकड्यांत ते दोघं रेघा बंद केल्या की नाहीत याबद्दल बोलत होते. शेवटी दांडे पुढे ढकलले गेले तेव्हा उशीर झाला होता, कारण मंद पडलेल्या इंजिनांना ताकद धरायला काही सेकंद लागतात. विमान धावपट्टीच्या आधीच्या गोल्फ मैदानावर आदळलं. 146 जणांपैकी 92 गेले.

न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने मुख्य ठपका ठेवला तो यावर, की इंजिनं मंद आहेत हे माहीत असूनही परिस्थितीचं गांभीर्य वेळेत ओळखलं गेलं नाही. सरकारने त्यानंतर सगळी A320 विमानं काही काळ जमिनीवर बसवली.

मी हे वाचलं आणि पुन्हा वाचलं. दोन अनुभवी माणसं, भरदुपार, लख्ख ऊन. थकव्याचा ठपका त्या अहवालात नाही. तरीही यंत्र आत्ता काय करतंय हे काही क्षण दोघांच्याही हातून निसटलं. मग रात्री तीन वाजता, पावसात, आठवड्यातल्या चौथ्या रात्रपाळीला ते निसटायला किती वेळ लागेल?

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर इथे लिहिलेली नाही.

22 जुलै 2021 चा महापूर. तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी तेव्हा एका छोट्या दैनिकात बातम्याही आणायचो आणि पानंही लावायचो. तीन दिवस धड झोप नव्हती. चौथ्या रात्री, लाईट नसल्याने एका ओळखीच्या माणसाच्या जनरेटरवर लॅपटॉप लावून पान केलं. जुनं पान उघडायचं आणि त्यावर नवा मजकूर बसवायचा, ही आमची रोजची सोय. चौकटी तयार, फोटोची जागा तयार. मजकूर टाकला की सगळं आपोआप बसतं. त्या रात्री एका चौकटीत श्रद्धांजलीचा मजकूर बसला, पण फोटो जुन्या पानावरचाच राहिला. एका निवृत्त शिक्षकांचा, सत्काराच्या बातमीतला.

मी पान बघितलं होतं. अगदी वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. शपथेवर सांगतो. पण डोळ्यांनी बघितलं तेच, जे तिथे असणार असं मला वाटत होतं.

गुरुजी जिवंत होते, गाळ उपसत होते. पण त्यांची मुलगी विरारला. तिने मोबाईलवर पेपर उघडला आणि वडिलांचा फोटो श्रद्धांजलीत. फोन लावला तर लागेना, कारण आपल्याकडे तेव्हा नेटवर्कच धड नव्हतं. त्या मुलीने पाच तास कसे काढले ते तिलाच ठाऊक. नवऱ्याला घेऊन ती गाडीने निघाली. महाडच्या पुढे कधीतरी तिला वडिलांचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्याकडे आले. चिखलाने भरलेला लेंगा. ओरडतील असं वाटलं. म्हणाले, "तू झोपला होतास का रे शेवटचा कधी?" मला उत्तर देता आलं नाही.

लॅपटॉपचा दोष नव्हता. त्याने सांगितलं तसं केलं. राखण करणारा मी होतो, आणि मी उघड्या डोळ्यांनी झोपलो होतो. माझ्या चुकीने एका मुलीचे पाच तास गेले. भाच्याच्या मागे 180 माणसं बसलेली असतात.

आता दुसरा अपघात, आणि हा थेट झोपेचा आहे.

22 मे 2010. एअर इंडिया एक्स्प्रेसचं 812, दुबई ते मंगळूर. पहाटे सहाच्या सुमाराची वेळ. चौकशी आपल्या मराठी माणसाने केली, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांनी. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर सुमारे दोन तासांचं ध्वनिमुद्रण होतं. त्यातली पहिली 1 तास 40 मिनिटं कॅप्टन झोपलेला होता. घोरण्याचे आवाज आहेत त्यावर. मंगळूरचं रडार त्या दिवसांत बंद होतं, त्यामुळे खाली यायची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. म्हणजे उतरायला अंतर कमी आणि हिशेब जास्त चोख हवा. नेमका त्याच वेळी कॅप्टन गाढ झोपेतून उठलेला. अशा माणसाचं डोकं लगेच चालत नाही, हे आपण घरात रोज बघतो. विमान फार उंच राहिलं, फार वेगाने आलं. यंत्र इशारे देत होतं. को-पायलटने तीनदा सुचवलं की उतरू नका, पुन्हा वर जाऊ. कॅप्टनने ऐकलं नाही. डोंगरमाथ्यावरची धावपट्टी संपली आणि विमान दरीत गेलं. 166 पैकी 8 वाचले.

त्या विमानात बरेचसे आखातात राबणारे लोक होते. आपल्या गोवळकोटला, मिरजोळीला विचारा, दुबई, कुवेत, मस्कतहून रात्रीची विमानं पकडून पहाटे मुंबईला उतरणारी किती घरं आहेत. स्वस्त तिकीट रात्रीचंच असतं. म्हणून वैमानिकाची रात्रीची झोप हा श्रीमंतांचा विषय आहे, असं मला आता वाटत नाही.

आता त्या नियमांकडे येऊ, ज्यांच्यावर मी डाफरलो होतो.

डीजीसीएने ते जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास. रात्रीच्या पाळीत जास्तीत जास्त 6 वेळा उतरता यायचं, ते 2 वर आणलं. रात्र म्हणजे मध्यरात्र ते पहाटे 5 होती, ती 6 पर्यंत धरली. कंपन्यांनी वेळ मागितला, तारीख पुढे गेली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात होत्या. शेवटी पहिला टप्पा 1 जुलै 2025 ला आणि दुसरा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली होती. डिसेंबरमध्ये गोंधळ झाला तेव्हा इंडिगोला रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली.

त्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा. एका रात्रीत सहा वेळा उतरणं. म्हणजे ती सगळी घाई, तो हिशेब, ते नियंत्रकाचे आदेश, ती बारीक अक्षरांची पट्टी, हे एका रात्रीत सहा वेळा. शेवटच्या वेळी उजाडायला आलेलं असतं. मी सहाव्या वेळी ती पट्टी वाचू शकलो असतो का? मला चार दिवसांच्या जागरणानंतर ओळखीच्या माणसाचा फोटो ओळखता आला नव्हता.

विमानतळावर अडकलेल्यांचे हाल खरे होते. त्यांचा राग खरा होता. माझाही खरा होता. फक्त तो चुकीच्या माणसावर निघाला. नियम दोन वर्षांपासून माहीत असताना पुरेशी माणसं का नव्हती, वेळापत्रक एवढं ताणलेलं का होतं, हा प्रश्न मी पत्रकार म्हणून विचारायला हवा होता. मी सोपा रस्ता धरला, जे झोप मागतायत त्यांनाच आळशी म्हटलं.

आणि एसटीच्या ड्रायव्हरचं उदाहरण? तेही मी उलटं वापरलं. तो रात्री-अपरात्री घाट उतरवतो म्हणून वैमानिकानेही तसंच करावं, हे कुठलं शहाणपण? ड्रायव्हरलाही पुरती झोप मिळाली पाहिजे, असं लिहायला हवं होतं. शिमग्याला, गणपतीला मुंबईहून रात्रभर गाडी मारत येणारे चाकरमानी, खासगी बसचे ड्रायव्हर, ट्रकवाले, आपण त्यांना एकच प्रश्न विचारतो, "किती वाजता पोचणार?" गुरुजींनी मला विचारला तो प्रश्न कुणी विचारत नाही.

आपल्या कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. रात्री तो वेशीवर फिरतो, असं आपण मानतो. नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो. तो जागा आहे म्हणून आपण निर्धास्त झोपतो. आकाशातल्या त्या लुकलुकणाऱ्या दिव्यात दोन राखणदार बसलेले असतात. ते मात्र माणसं आहेत. त्यांना जागं ठेवायचं असेल तर आधी झोपू द्यावं लागतं.

माझी ती जुनी पोस्ट मी काढून टाकलेली नाही. खाली या पोस्टची लिंक जोडली आहे, म्हणजे चूकही दिसेल आणि दुरुस्तीही. पेपरात आम्ही चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात छापतो. इथे तरी ती मूळ बातमीएवढी मोठी असावी.

काल रात्री भाच्याला हे सगळं लिहिल्याचं सांगितलं. त्याचा मेसेज आला, "मामा, उद्या वाचतो. आता झोपतोय. पहाटे चारला रिपोर्टिंग आहे."

मी उत्तर दिलं नाही. फोन वाजला असता.

तुमच्या घरात कुणी रात्रपाळीत राबत असेल, ड्रायव्हर, नर्स, लोको पायलट, पोलीस, तर त्यांचा अनुभव खाली जरूर लिहा. आणि माझं काही चुकलं असेल तर तेही लिहा. या वेळी ऐकणार आहे.